मास्टर्सची स्पर्धा पण स्पर्धाच असते: ठाणे-नवी मुंबईतल्या पॉवरलिफ्टिंग आयोजकांना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

मी ठाण्यात वर्तकनगरला राहते, वय ५८, आणि पॉवरलिफ्टिंग करते, म्हणजे स्क्वॉट (बार पाठीवर घेऊन खाली बसून उठणं), बेंच प्रेस (बेंचवर झोपून बार छातीवरून वर ढकलणं) आणि डेडलिफ्ट (बार जमिनीवरून उचलणं). हे पत्र आपल्या भागात स्पर्धा भरवणाऱ्या सगळ्यांसाठी आहे, म्हणजे मंडळाचे कार्यकर्ते, जिमवाले, कोच, पंचांच्या खुर्चीत बसणारे, माईक सांभाळणारे, सगळेच. कुणाचंही नाव घेणार नाहीये, कारण ही गोष्ट एका स्पर्धेची नाहीच, घोडबंदरपासून ऐरोली-नेरूळपर्यंत थोड्याफार फरकाने हेच बघितलंय. आणि तुम्ही लोक वर्गणी काढून, प्रसंगी खिशातले घालून, नोकरीधंदा सांभाळून हे सगळं उभं करता हेही मी जवळून बघितलंय, म्हणून तर लिहावंसं वाटलं.

सांगायचंय ते एवढंच की आम्हा चाळीशी, पन्नाशी, साठीच्या लोकांची, म्हणजे मास्टर्सची, स्पर्धा नियमाप्रमाणे घ्या. आमचं कौतुक तुम्ही भरपूर करता, शाल देता, फोटो काढता, "या वयात बघा" म्हणून टाळ्या मिळवून देता, पण कौतुक झाल्यावर नियम सैल होतो, वेळ सैल होते, आणि ज्यासाठी आम्ही महिनोन्‌महिने पहाटे उठलो ती गोष्टच हातातून जाते.

आधी तारखेचं बोलते. आमची सगळी तयारी स्पर्धेच्या तारखेपासून उलटी मोजत येते. साधारण बारा ते सोळा आठवडे लागतात, सुरुवातीला हलक्या वजनावर जास्त रेप्स, मग वजन चढत जातं आणि रेप्स उतरत जातात, शेवटी शेवटी एकेक जड लिफ्ट, आणि शेवटचा आठवडा जवळजवळ आराम, अंग भरून यायला. पंचविशीतल्या पोराला तारीख दहा दिवस पुढे गेली तर तो म्हणतो चला बरं झालं, अजून पाच किलो वाढवू. आमचं तसं होत नाही हो. स्नायू त्यामानाने लवकर तयार होतात पण टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणि सांधे मागून येतात, आणि वय वाढलं की ते अजून मागे राहतात, एक जड डेडलिफ्ट झाली की कंबर पूर्ण मोकळी व्हायला तरुणपणी दोन दिवस पुरायचे तिथे आता आठवडा द्यावा लागतो. त्यामुळे एकदा टोकाला नेलेली ताकद नुसती धरून ठेवता येत नाही, एकतर दुखापत होते नाहीतर परत खाली उतरून पुन्हा चढावं लागतं, आणि दहा दिवसांत ते होत नाही. म्हणजे तुम्ही "फक्त पुढच्या रविवारी ढकललीय" म्हणता तेव्हा आमच्यासाठी ती स्पर्धाच बदललेली असते.

तारखा का ढकलल्या जातात तेही माहितीये मला. शिवजयंती, एक मे, नवरात्र अशा निमित्ताने मंडळ कार्यक्रम ठेवतं, मग हॉल मिळत नाही, परवानगी अडकते, नाहीतर प्रमुख पाहुण्यांना तो दिवस जमत नाही. पहिल्या दोन गोष्टींना इलाज नाही, मान्य. पण पाहुण्यांसाठी तारीख बदलू नका, प्लीज. आणि नवरात्र संपल्या संपल्या स्पर्धा ठेवायची असेल तर एवढं लक्षात घ्या की माझ्या वयाच्या कितीतरी बायका नऊ दिवस उपास करतात, साबुदाणा-वरीवर स्क्वॉट निघत नाही, एक पंधरा दिवस मध्ये गेले तरी एन्ट्री वाढतील बघा. निदान तीन महिने आधी तारीख जाहीर करा आणि ती पाळा, बाकी सगळं नंतर.

आता स्पर्धेच्या दिवसाचं. हे जरा सविस्तर सांगते कारण खुर्चीतून ते दिसत नाही.

मला वॉर्म-अपला तरुण मुलींपेक्षा दुप्पट वेळ लागतो. आधी घोटे आणि कंबर मोकळी करायची, मग खांदे, कारण पन्नाशीनंतर आमच्यातल्या निम्म्या बायकांचा कुठला ना कुठला खांदा धरलेलाच असतो आणि स्क्वॉटला बार पाठीवर घ्यायचा म्हणजे कोपरं मागे न्यावी लागतात. मग नुसता वीस किलोचा बार, मग हळूहळू प्लेटा, आणि हिशोब असा लावायचा की शेवटचा वॉर्म-अप सेट आपला पहिला अटेम्प्ट यायच्या पाच-सात मिनिटं आधी संपला पाहिजे. तेवढ्या खिडकीत शरीर तयार असतं. एका स्पर्धेत मी असाच हिशोब लावून तयार होते, नी-स्लीव्ह (गुडघ्यावरच्या घट्ट बाह्या) चढवलेल्या, त्या चढवायलाच पाच मिनिटं आणि दुसऱ्या माणसाची मदत लागते, बेल्ट लावलेला, हाताला चॉक, माझ्या आधी दोनच मुली होत्या. आणि माईकवरून आवाज आला की पाहुणे गेटवर आलेत, आपण दोन मिनिटं थांबूया. मग दीपप्रज्वलन झालं, नारळ फुटला, शाल-श्रीफळ, एकेका पदाधिकाऱ्याचं नाव घेऊन सत्कार, मग भाषणं. स्लीव्ह जास्त वेळ ठेवल्या तर पाय बधिर होतात म्हणून त्या काढल्या. परत चढवायच्या तर घामाने चिकटायला लागल्या, चढता चढेनात. बसून राहिलं तर गुडघे धरतात, उभं राहिलं तर दमायला होतं, वॉर्म-अपचा बार लोडर्सनी सत्कारासाठी बाजूला उचलून ठेवलेला. आणि मग एकदम "चला चला, बार लोडेड आहे" म्हणून नाव पुकारलं. नाव पुकारल्यावर लिफ्ट सुरू करायला नियमाने एक मिनिट असतो, तो नियम मात्र त्या दिवशी बरोब्बर पाळला गेला. माझा ओपनर, म्हणजे पहिला अटेम्प्ट, जो मी जिममध्ये तीनदा सलग मारते, तो मधेच अडकला आणि स्पॉटर्सनी, म्हणजे बार सावरायला बाजूला उभ्या पोरांनी, घेतला.

त्या पोरांवर माझा काडीचाही राग नाही, त्यांनी बार वेळेत धरला नसता तर आज मी हे लिहिलं नसतं. पण सत्कार पहिल्या फ्लाइटच्या (आळीपाळीने उचलणाऱ्यांच्या गटाच्या) आधी उरका नाहीतर सगळं संपल्यावर बक्षीस समारंभात घ्या. फ्लाइट एकदा सुरू झाली की मध्ये काही नाही. पाहुणे आले तर त्यांना समोर बसवा, लिफ्टिंग बघू दे की त्यांना, त्यासाठीच तर बोलावलंय. आणि मास्टर्स महिला शक्यतो पहिल्या फ्लाइटमध्ये घ्या, शेवटी नको. आमचे आकडे लहान असतात म्हणून "नंतर उरकू" असं होतं आणि मग दुपारी तीन वाजता, पत्र्याच्या शेडखाली, सकाळपासून बसून बसून अंग आंबलेलं असताना आमचं नाव येतं.

वजन करण्याचंही तेच. नियम असा आहे की वजन-तपासणी स्पर्धा सुरू व्हायच्या दोन तास आधी सुरू होते आणि दीड तास चालते. आपल्याकडे सगळ्यांचं वजन सकाळी सातला एकदमच घेतात आणि काहींचा नंबर लागतो दुपारी. तरुण पोरं वजनगटात बसायला रात्रीपासून पाणी तोडतात, ते चुकीचंच आहे पण त्यांचं शरीर सोसतं. आमच्यात शुगरच्या गोळ्या घेणारे लोक आहेत, बीपीवाले आहेत, त्यांनी उपाशी रांगेत दीड तास उभं राहायचं हे धोक्याचं आहे, शुगर एकदम खाली जाऊ शकते. सेशनप्रमाणे वजन घ्या, आणि त्यातही वयस्कर लोकांना आधी घेतलंत तर फार बरं होईल. महिलांसाठी दार लागणारी खोली आणि वजन घ्यायला बाई. एकदा एका ठिकाणी स्टेजच्या मागे पडदा धरून आमचं वजन केलं होतं, दोन मुली तिथूनच परत गेल्या, त्यातली एक पहिल्यांदाच आली होती, नंतर ती कुठल्याच स्पर्धेला दिसली नाही.

सिंगलेटबद्दल (स्पर्धेचा अंगाला घट्ट बसणारा एकसंध पोशाख) मात्र माझी काही तक्रार नाही, नियम आहे, मी घालते आणि अभिमानाने घालते.

आता पंचांना एक विनंती, आणि ही मनापासून आहे. आम्हाला दयेचे पांढरे दिवे (पांढरा म्हणजे लिफ्ट मान्य, लाल म्हणजे बाद) देऊ नका. स्क्वॉटमध्ये जांघेची घडी गुडघ्याच्या वरच्या पातळीच्या खाली गेली पाहिजे, त्यात वीस वर्षांची मुलगी आणि साठीचे काका असा फरक कुठेही लिहिलेला नाही. एका स्पर्धेत साठी उलटलेल्या एका काकांचा तिसरा स्क्वॉट चांगला चार बोटं वर राहिला होता, आम्हाला बाजूने स्पष्ट दिसलं, पण तिन्ही दिवे पांढरे लागले आणि हॉलमध्ये जल्लोष. काका खाली येऊन खुर्चीवर बसले, बेल्ट सोडला आणि मला एवढंच म्हणाले की "ताई, तो गेला नव्हता खाली." काकांना माहीत होतं आणि मलाही. त्यांनी तो आकडा कुणाला कधी सांगितलाच नाही. तुम्ही चांगल्या मनाने केलंत हो, पण माणूस वर्षभर ज्याच्यासाठी घासतो ते असं देऊन टाकता येत नाही. शिवाय हेच लोक पुढे राज्य स्पर्धेला जातात, तिथे त्याच डेप्थला तीन लाल दिवे लागतात आणि मग कळत नाही की काय चुकलं. बेंचलाही बार छातीवर नीट थांबल्याशिवाय आम्हाला "प्रेस" कमांड (बार वर ढकलायची सूचना) देऊ नका, लवकर देऊन टाकू नका. २०२३ पासून बेंचला कोपराच्या डेप्थचा नियमही आलाय, कोपराची खालची बाजू खांद्याच्या वरच्या पातळीपर्यंत किंवा त्याखाली यायला हवी, तोही सगळ्यांना सारखाच लावा. आम्ही शिकू. या वयात शिकता येत नाही असं आम्हाला तरी अजून वाटत नाही.

माईकवाल्या भावाला पण सांगते. "आता येतायत आपल्या सगळ्यांच्या लाडक्या आजी" असं म्हणू नकोस रे. घरी नात आजी म्हणते ते मला हवंच असतं, पण प्लॅटफॉर्मवर जाताना माझं नाव, वजनगट, कितवा अटेम्प्ट आणि बारवर किती किलो एवढंच सांग, बाकीच्यांचं सांगतोस तसं. ताई म्हणालास तरी चालेल.

सामानाबद्दल एकच मोठी गोष्ट, ती म्हणजे बेंचचे ब्लॉक. नियमाचा बेंच ४२ ते ४५ सेंटीमीटर उंच असतो आणि लिफ्ट चालू असताना पूर्ण पाऊल, टाचेसकट, जमिनीवर टेकलेलं हवं. आपल्याकडच्या बुटक्या बायकांचे पाय पोचतच नाहीत, त्यात कंबर ताठ झालेली, कमान येत नाही. म्हणून नियमातच सोय आहे, पायाखाली ३० सेंटीमीटरपर्यंत उंचीचे सपाट ब्लॉक ठेवता येतात. पण ते कुणाकडे नसतात, मग कुणीतरी वीस किलोच्या दोन प्लेटा आणून सरकवतं, त्या घसरतात, लिफ्ट फेल होते. लाकडाचे दोन-तीन जोड, एवढाच खर्च आहे. आणि प्लॅटफॉर्म टणक आणि न घसरणारा ठेवा, वर जाजम टाकू नका, डेडलिफ्टला पाय दाबला की ते गोळा होतं आणि आमचा तोल तरुणांइतक्या झटकन सावरत नाही.

औषधांचा मुद्दा कुणीच बोलत नाही म्हणून मी बोलते. बीपीच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये दोन औषधं एकत्र असतात आणि त्यातलं दुसरं पुष्कळदा हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असतं, म्हणजे लघवीवाटे पाणी काढणारं. ही डाययुरेटिक्स वाडाच्या (जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या) बंदी यादीत आहेत, स्पर्धेत पण आणि बाहेर पण. इन्सुलिनही यादीत आहे. मेटफॉर्मिन नाही. आता माझ्या वयाची बाई डॉक्टरने लिहून दिलेली गोळी वर्षानुवर्षं घेतेय, तिला स्वप्नातही वाटणार नाही की हे डोपिंगमध्ये येतं, आणि पुढच्या पातळीवर नाडाने (आपल्या देशातल्या डोपिंगविरोधी संस्थेने) सॅम्पल घेतलं तर तिचं नाव खराब होईल. एन्ट्री फॉर्मसोबत चार ओळी छापा की तुमच्या गोळीतले घटक तपासून घ्या, डॉक्टरशी बोला, पर्यायी गोळी असू शकते, नसेल तर टीयूई म्हणजे उपचारासाठीची रीतसर परवानगी काढता येते. आणि कुणीही हे वाचून स्वतःच्या मनाने बीपीची गोळी बंद करू नका, खास करून श्वास रोखून जड उचलणाऱ्यांनी, कारण श्वास रोखून जोर लावला की त्या क्षणाला बीपी खूप वर जातं. म्हणूनच हॉलमध्ये एक डॉक्टर हवाच हवा.

वयोगटाचं काय करता ते पण बघा. मास्टर्सचे चार गट आहेत, ४० ते ४९, ५० ते ५९, ६० ते ६९ आणि ७० च्या पुढे, आणि वय मोजायचं ते वर्षावरून, म्हणजे ज्या वर्षी पन्नास पूर्ण होणार त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून तुम्ही दुसऱ्या गटात. आपल्याकडे "चाळीसच्या वर" अशी एकच पाटी लावतात, त्यात ४१ वर्षांची ट्रेनर आणि ६६ वर्षांच्या मावशी एकत्र. नाहीतर त्याहून वाईट, दोनच एन्ट्री आल्यात म्हणून आदल्या रात्री गट रद्द झाल्याचा मेसेज येतो. अरे, एन्ट्री कमी आहेत तर सगळ्या मास्टर्सना एकत्र उचलू द्या आणि पॉइंट्सना वयाचा गुणक लावा, मॅककुलोकचं कोष्टक आहेच की, चाळीसला १.०००, पन्नासला १.१३०, माझ्या वयाला १.२९१, साठला १.३४०. मोबाइलवर दोन मिनिटांत हिशोब होतो. सगळ्यांना बरोबरीने लढता येतं आणि तुम्हाला वेगवेगळ्या गटांच्या ट्रॉफ्यांचा खर्चही पडत नाही. आम्हाला ट्रॉफी नसली तरी चालेल, निकालाचा कागद भिंतीवर लागू दे.

एवढं का सांगतेय? कारण बायका यायला लागल्यात. आमच्या जिममध्ये सकाळी अकराच्या बॅचला, घरचं आवरून, पन्नाशीच्या पुढच्या बायका येतात, कुणाला हाडांच्या डॉक्टरने पाठवलंय, कुणाला मुलीने. २०१८ साली ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाचा एक अभ्यास छापून आला, पाळी गेलेल्या आणि हाडं विरळ झालेल्या शंभरेक बायकांवर. त्यातल्या निम्म्यांना आठवड्यातून दोनदा अर्धा तास, आठ महिने, देखरेखीखाली जड डेडलिफ्ट, स्क्वॉट आणि ओव्हरहेड प्रेस करायला दिलं, आणि त्यांच्या मणक्याच्या हाडांची घनता घरी हलका व्यायाम करणाऱ्यांपेक्षा चांगली झाली. आणि १९९० मध्ये अमेरिकेत नव्वदीच्या आसपासच्या, वृद्धाश्रमातल्या लोकांना आठ आठवडे पायाचा वजनाचा व्यायाम दिला तर त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत. या बायकांना मी सांगते की स्पर्धेला चल, तारीख समोर असली की माणूस जिम बुडवत नाही, प्रोटीन खातो, वेळेवर झोपतो, ते नुसत्या डॉक्टरच्या सांगण्याने होत नाही. डाळ-भातासोबत दोन अंडी नाहीतर वाटीभर उसळ आणि दही ताटात यायला लागलं ते स्पर्धेच्या फॉर्मवर सही केल्यावर, असं मी एकापेक्षा जास्त घरांत बघितलंय. पण मी तिला घेऊन यायचं आणि तिथे पडद्यामागे वजन, दुपारी तीनला नंबर, आणि वर "आजींसाठी टाळ्या", तर ती दुसऱ्यांदा कशी येईल सांगा.

थंडीत आपल्याकडे दोन-तीन स्पर्धा होतातच. त्यातली जी कुणी मंडळी घेणार असाल त्यांनी तारीख ठरली की लगेच कळवा, फॉर्मवर जन्मवर्षाचा रकाना आणि मास्टर्सचे चारही गट छापा, आणि फ्लाइटचं वेळापत्रक आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत द्या. बेंचचे ब्लॉक नसतील तर मी आमच्या सुताराकडून दोन जोड करून घेतलेत, १० आणि २० सेंटीमीटरचे, वर रबर लावलेलं, ते रिक्षात टाकून घेऊन येईन. महिलांचं वजन घ्यायला बाई मिळत नसेल तर आमच्या बॅचमधल्या, स्पर्धेत न उतरणाऱ्या दोघी सकाळी सहाला हजर राहायला तयार आहेत, त्यांना नियम कुणीतरी आधी एकदा नीट समजावून सांगा.

आपली,
वर्तकनगरची एक मास्टर्स लिफ्टर